खूण न ठेवणारा माणूस

माझे सासरे घरात आहेत की नाहीत हे दाराशी ठेवलेल्या त्यांच्या बुटांवरून कळायचं. एरवी त्यांची चाहूलच नसे. चहा झाला की कप विसळून पालथा. वर्तमानपत्राची घडी अशी, की मागून वाचणाऱ्याला वाटावं आपणच पहिले. माझा नवरा त्यांचाच मुलगा, पण ओला टॉवेल पलंगावर टाकण्यात त्याचा हात कुणी धरू शकणार नाही. हे वळण त्याने कुठून उचललं ते देव जाणे.

सासऱ्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. उंच इमारतींच्या पोटात ज्या अंधाऱ्या विहिरी असतात, त्यांत उतरून वंगण, दोर आणि चाकं बघायचं काम. वर्षातून एकदा, उन्हाळा उतरणीला लागला की, ते एक लांबट पिशवी गाडीत टाकून एकटेच निघून जात. शहरापासून बऱ्याच लांब एका मोठ्या तलावाच्या काठाने सरकारी मोकळी जमीन पसरली आहे. तिथं कुंपण नाही, फाटक नाही, नळ नाही, संडास नाही. कुणीही जावं, मन मानेल तिथं मुक्काम ठोकावा आणि निघताना जागा होती तशी करून यावं. सासरे आठवडाभर तिथं राहायचे आणि परत यायचे ते असे, जणू कोपऱ्यावरून भाजी घेऊन आलेत.

मी या घरात नवी होते तेव्हा एकदा धीर करून विचारलं होतं, की बाबा, तिथं तुम्ही करता तरी काय? त्यांनी माझ्या प्रश्नाचा मनापासून विचार केला. मग म्हणाले, "राहतो."

झालं. माझ्यासारख्या बाईला असं उत्तर देणं म्हणजे मांजराला बंद डबा दाखवण्यातला प्रकार. मला नसत्या चौकशा करायची खोड आहे आणि ती मी कधी लपवलेली नाही. पण त्या एका शब्दापुढे माझीसुद्धा मात्रा चालली नाही.

सासूबाईंचं दुकान म्हणजे आमच्या घराचाच पुढचा भाग. होड्यांची आच्छादनं, दुकानांसमोरची कापडी छतं, मालट्रकच्या ताडपत्र्या, कुणाच्या झोपाळ्याची गादी, असं जाड कापडाचं जे जे असेल ते आम्ही करतो. मी बेतते आणि कापते, त्या शिवतात. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांची जीभ कात्रीसारखी चालते. पण मनातलं काही सांगायचं असलं की मात्र त्या बोलत नाहीत, शिवतात. सासऱ्यांवर राग आला की त्यांच्या शर्टाची बटणं इतकी घट्ट लावायच्या, की ते बिचारे घामाघूम व्हायचे. राग गेला की कोटाच्या खिशाला आतून मऊ अस्तर लागायचं. सासरे ती बटणं मुकाट्याने लावायचे आणि खिशात हात घालून हिंडायचे. त्या दोघांचं भांडणही असं आणि समेटही असा. बाहेरच्या माणसाला पत्ता लागायचा नाही.

गेल्या थंडीत सासरे गेले. तेही त्यांच्या पद्धतीनेच, सकाळी कप विसळून ठेवल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. भेटायला आलेल्या आत्याबाईंनी, म्हणजे सासऱ्यांच्या सख्ख्या बहिणीने, डोळे पुसता पुसता एक वाक्य टाकलं. म्हणाल्या, "दरवर्षी एकटा जायचा म्हणे. पुरुष माणूस दरवर्षी एकटा जातो, तेव्हा तो एकटा नसतो गं."

आत्याबाई बोलून गेल्या आणि पुढच्या गाडीने घरीही गेल्या. वाक्य मात्र आमच्याकडेच मुक्कामाला राहिलं. सासूबाईंच्या मशिनची खडखड मध्येच थांबू लागली. आमच्याकडे मशिन थांबलं की शेजारपाजारचे बरं आहे ना म्हणून विचारायला येतात, इतकी त्या आवाजाची सगळ्यांना सवय.

सासऱ्यांची ती पिशवी कापायच्या टेबलाखाली पडून होती. तिच्यातलं कापड सासूबाईंनीच शिवलेलं. वर ताणायचं छत आणि खाली अंथरायचं जाड कापड. परत आल्यावर सासरे ते स्वतः धुवायचे, वाळवायचे, घडी घालायचे. कुठे उसवलं असेल तर फक्त तेवढाच कोपरा घडीतून ओढून सासूबाईंपुढे धरायचे. त्या टाके घालायच्या, कोपरा पुन्हा घडीत जायचा. शिवून दिल्या दिवसापासून ते कापड पूर्ण उलगडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

उन्हाळा उतरायला लागला तशी एके दिवशी त्यांनी ती पिशवी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला ती जागा बघायची आहे. तिथं कुणी होतं का, एवढंच कळू दे. होतं म्हणालीस तरी चालेल. पण हे असं अर्धवट माझ्याच्याने सहन होत नाही."

मला भरून आलं. आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही वाटली, अगदी पोटातून. दोन्ही एकदम वाटू शकतं, त्यात मला काही चूक दिसत नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बाबांना एकांत आवडायचा, एवढंच. आणि विषय संपला असं समजून जेवायला बसला. बापावर गेलाय तो फक्त बोलण्यात. पण एकदा बाबांची गाडी बंद पडली होती तेव्हा तो त्यांना आणायला गेला होता, म्हणून गाडी कुठं उभी करायचे एवढं त्याला ठाऊक होतं. कच्चा रस्ता संपतो तिथं एक भलं मोठं आडवं पडलेलं झाड आहे, त्याच्याजवळ. तिथून पुढे ते कुठं जायचे, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याने विचारलंही नव्हतं. मी असते तर विचारलं असतं.

सासूबाई आणि मी दोघीच निघालो. आडवं झाड सापडलं. तिथंच काठावर गस्त घालणारी एक बाईही भेटली, उन्हाने रापलेली, खाकी टोपीतली. तिने आम्हाला नियम सांगितले. मुक्काम पाण्यापासून बराच मागे टाकायचा, साबण तलावात न्यायचा नाही, प्रातर्विधीसाठी लांब जाऊन खड्डा खणायचा आणि बुजवायचा, आणलेलं सगळं परत न्यायचं. जागा अशी सोडायची की मागून येणाऱ्याला वाटावं, आपणच पहिले. मला एकदम आमचं वर्तमानपत्र आठवलं.

सासूबाई खड्ड्याच्या नियमापाशीच अडकल्या होत्या. "रोज?" त्यांनी विचारलं. गस्तवालीने रोज म्हणून सांगितलं आणि त्यांच्या हातात एक छोटं फावडं दिलं. त्यांनी ते असं धरलं, जणू कुणी दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिलंय.

मी सासऱ्यांचं वर्णन केलं तशी ती बाई हसायलाच लागली. राखाडी गाडीवाले आजोबा? ती त्यांना चांगलं ओळखत होती, म्हणजे त्यांच्या गाडीला ओळखत होती. गाडी दरवर्षी दिसायची, माणूस कधी नाही. नियम मोडतात की काय म्हणून तिने त्यांना किती तरी वेळा शोधलं होतं. धूर नाही, आवाज नाही, वाळत घातलेला टॉवेल नाही. एका वर्षी तर तिला वाटलं, आजोबा बुडाले. दुसऱ्या दिवशी गाडी निघून गेलेली.

"त्यांची जागा सापडली तर मलाही दाखवा," ती म्हणाली आणि गेली.

आम्ही काठाने शोधायला लागलो. एकदा बघायला लागल्यावर जागाच जागा दिसू लागल्या. कुठे चुलीचे काळे दगड, कुठे बाटल्यांची झाकणं, कुठे झाडाला ठोकलेले खिळे आणि त्यांना लोंबणारे दोराचे तुकडे. एका ठिकाणी कुणी हौसेने पांढऱ्या गोट्यांचं रिंगण मांडलेलं होतं आणि त्यात बायकांच्या केसांची एक लाल पिन पडलेली. सासूबाईंनी ती उचलली. मी उगाच तलावाकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ह्यांची नाही ही जागा. झाडाला खिळा ठोकणारा माणूस नव्हे तो." पण ती पिन त्यांनी टाकली नाही. चालता चालता तिचं तोंड उघडत होत्या आणि मिटत होत्या, त्याचा बारीक टकटक आवाज माझ्या मागून येत होता.

म्हणजे जिथं काहीच नाही अशी जागा आम्हाला शोधायची होती. आणि जिथं काहीच नाही अशा जागेला त्या काठावर तोटा नव्हता. दुपारपर्यंत माझे पाय बोलायला लागले, आणि मीही. म्हटलं, माणसाने नीटनेटकं असावं पण इतकं? एखादी काडी तरी मोडून ठेवायची. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण मी चिडले.

सासूबाई एका खडकावर बसल्या आणि पिशवीचं तोंड सोडलं. वरचं छत बाहेर काढून त्या त्याच्या कडा चाचपायला लागल्या, गिऱ्हाइकाने दुरुस्तीला आणलेलं कापड चाचपतात तशाच. घडीत जाड, मऊ फेल्टच्या दोन पट्ट्या निघाल्या. आमच्याच दुकानातल्या. होडीच्या आच्छादनाखाली लावतो त्या.

"ह्या मी तुझ्याकडे मागितल्या होत्या," सासूबाई म्हणाल्या.

"आणि मी म्हटलं होतं, उंदरांनी नेल्या."

त्यांनी एक पट्टी माझ्यापुढे धरली. एका बाजूला सालीचा भुगा आणि वाळलेला चीक, दुसऱ्या बाजूला दोराचा दाबून बसलेला वळ. म्हणजे दोराने साल सोलू नये म्हणून हा माणूस झाडाला आधी फेल्ट गुंडाळायचा आणि मग त्यावर दोर बांधायचा. आणि पट्टीचं टोक जिथं दुसऱ्या टोकावर यायचं, तिथं वर्षानुवर्षांची आडवी घडी पडली होती. एका पट्टीची घडी टोकाजवळ, दुसरीची पार मध्याकडे.

सासूबाईंचा चेहरा बदलला. दुकानात अवघड काम आलं की होतो तसा.

"एक झाड जाड आहे, एक बारीक," त्या म्हणाल्या. "ही त्या झाडांची कंबर. ऊठ."

दोर पिशवीतच होते आणि त्यांच्या गाठीही त्याच, कधीच न सोडलेल्या. त्यामुळे दोन झाडांमधलं अंतर कळलं. छताच्या मागच्या बाजूच्या पितळी रिंगा दगडाला घासून चपट्या झाल्या होत्या, म्हणजे मागे खडक. आणि छताचा एकच भाग उन्हाने विटलेला, म्हणजे एक बाजू सावलीत, दुसरी उघडी. शरीराचं माप घेऊन कपडा शिवतात. आम्ही कपडा घेऊन शरीर शोधायला निघालो.

त्या दुपारी आम्ही किती झाडांना मिठ्या मारल्या असतील ते विचारू नका. मी झाडाला पट्टी गुंडाळायची, सासूबाईंनी घडी कुठं येते ते बघायचं, आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं मान हलवून सांगायचं: सैल होतंय. किंवा: हा जरा सुटलाय. गस्तवाली एकदा लांबून येऊन थबकली, बराच वेळ बघत राहिली आणि काही न बोलता परत फिरली. मी असते तर विचारलं असतं.

जाड झाड आधी सापडलं. पट्टी त्याच्याभोवती फिरली आणि घडी घडीवर येऊन बसली. मी दोराचं दुसरं टोक धरून चालत गेले. दोर ताठ झाला तिथं एक किरकोळ बारीक झाड उभं होतं, दुसरी पट्टी त्याला चपखल बसली. मागे कमरेएवढा खडक. जागा पाण्यापासून चांगली मागे, चढावर होती. उभं राहिलं तर समोर नुसती झुडपं दिसत होती. पण मी खाली बसले आणि झुडपांच्या बुंध्यांमधून सगळा तलाव दिसला, काठापासून काठापर्यंत. पायवाट तिथून हाकेच्या अंतरावर होती. सकाळी आम्ही तिच्यावरूनच गेलो होतो.

जमिनीवर गवत होतं, वाळकी पानं होती, एक मुंग्यांची रांग होती. दुसरं काही नाही. इतका स्वच्छ माणूस मी पाहिला नाही.

आम्ही छत ताणलं. प्रत्येक रिंग जिथं यायला हवी तिथं आली. मग सासूबाईंनी खालचं कापड बाहेर काढलं आणि घडी न उलगडता ते मांडीवर घेऊन बसल्या.

मी म्हटलं, आई, ते अंथरायचं ना? त्या म्हणाल्या, अंथरू. पण हलल्या नाहीत. मग बोलल्या, आणि इतकं सरळ त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "हे मी मुद्दाम दोघांच्या मापाचं शिवलं होतं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. म्हटलं, रुंदी बघतील आणि समजतील. विचारतील, येतेस का. त्यांनी कापड बघितलं, 'छान झालंय' म्हणाले, आणि एकटे निघून गेले. मग दरवर्षीच गेले. तेव्हापासून माझ्या मनात आहे, की दुसरी बाजू कुणासाठी नेतात."

आत्याबाईंचं वाक्य नवीन नव्हतंच तर. त्यांनी फक्त ते मोठ्याने म्हटलं होतं.

मी कापडाची दोन टोकं धरली, त्यांनी दोन, आणि आम्ही ते पसरलं.

डावी बाजू झिजून पार पातळ झाली होती. खांद्याच्या जागी, कमरेच्या जागी, टाचांच्या जागी तर गवताचा हिरवा रंग खालून दिसत होता. ज्या कोपऱ्यांना सासूबाईंनी वर्षानुवर्षं टाके घातले, ते सगळे त्याच बाजूचे. आणि मधल्या शिवणीपलीकडे उजवी बाजू कोरी. धुऊन रंग फिकटला होता तेवढाच, बाकी सूत न् सूत जिथल्या तिथं. त्या बाजूला कुणी झोपलं नव्हतं, कुणी बसलं नव्हतं, कुणी हातसुद्धा टेकला नव्हता. एवढ्या मोठ्या कापडावर एकटा माणूस, ऐसपैस मध्ये झोपायचं सोडून, दरवर्षी शिवणीच्या अलीकडे अंग चोरून झोपला होता.

घरी ते डावीकडेच झोपायचे, भिंतीकडे. हे मला ठाऊक होतं, कारण त्यांच्या खोलीच्या चादरी मीच बदलते.

"कुणी नव्हतं, आई," मी म्हटलं.

सासूबाईंनी गुडघे टेकून कोऱ्या बाजूवरून हात फिरवला. मला वाटलं रडतील. पण त्या भडकल्या. "तोंड नव्हतं का ह्या माणसाला? जागा ठेवतो म्हणे! इतकी वर्षं माझी जागा ठेवून झोपला, आणि मला दोन शब्द विचारता आले नाहीत?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

"मी कापड दिलं की! आणखी कसं बोलायचं?"

हे म्हणाल्या आणि स्वतःच थांबल्या. कापडाकडे बघत राहिल्या, एकदा कोऱ्या बाजूकडे, एकदा झिजलेल्या. मग त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. विचारण्यासारखं माझ्याकडेही काही उरलं नव्हतं. लाल पिन त्यांनी केव्हा तरी कचऱ्याच्या पिशवीत टाकून दिली.

मी गाडीत झोपायला जाते म्हटलं, तर त्यांनी अडवलं नाही.

सकाळी आले तेव्हा सासूबाई तोंड धुऊन, केस विंचरून तयार होत्या. फावड्याचं कामही उरकलं होतं आणि त्याबद्दल काही बोलायचं नाही असं त्यांनी डोळ्यांनीच मला बजावलं. दोन्ही पट्ट्या सोडल्या, छत उतरवलं, मागच्या खडकावरचे दोर काढले. खालचं कापड उचललं तर त्याखाली कालची रात्र जशीच्या तशी छापलेली. डावीकडचं गवत नुसतं चपटं झालं होतं. उजवीकडे मात्र एका माणसाच्या लांबीरुंदीचा खोलगट दाब, कुशीवर वळलेला, गुडघे थोडे मुडपलेले, तोंड डावीकडे.

मी खाली बसून गवत बोटांनी उभं करायला लागले. डावी बाजू झाली. वर थोडी वाळकी पानं पसरली, जणू तिथं कुणी आलंच नव्हतं. मग उजवीकडे सरकले, तशी सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"ती राहू दे."

"खूण राहील, आई. ती बाई गस्तीला येईल."

"येऊ दे." त्यांनी कापडाची घडी घातली, कोरी बाजू वर ठेवून, आणि पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. "विचारलं तर सांग, ही माझी जागा आहे."